पाच आठवड्यांत युगांडा: लसी, गोळ्या आणि आईचं काय?

पायवाट (धागाकर्ती) – ३ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. नवऱ्याला कामासाठी तीन आठवडे युगांडाला जायचंय, तर आम्ही सगळ्यांनीच त्याच्याबरोबर जायचा घाट घातलाय. आम्ही म्हणजे मी, तो, सात वर्षांची लेक आणि माझी ६६ वर्षांची आई. मुक्काम कंपालात, मधे काही दिवस व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. नवरा दोन दिवस ब्विंडीच्या जंगलात गोरिला बघून येईल आणि परतताना पाच दिवस झांझिबार. विमान ८ जुलैचं.

तिकिटं झाली, राहायची सोय झाली, लेकीने कुणाची तरी दुर्बीणसुद्धा मागून आणली. आणि काल एका ओळखीच्या बाईंनी सहज विचारलं, "पिवळं कार्ड झालं का?" आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

रात्रभर वाचत बसले. एका ठिकाणी चार लसी लिहिल्यात, दुसरीकडे अकरा. मलेरियाची लस आली असंही वाचलं आणि गोळ्याच घ्यायच्या असंही. घेतल्याच पाहिजेत अशा कुठल्या, सोडल्या तर चालतील अशा कुठल्या, आणि पाच आठवड्यांत हे सगळं बसतं का? जाऊन आलेल्यांनी प्लीज लिहा.

उंटावरची – ३ जून, रात्री ११.१५

आधी श्वास घे. पाच आठवडे पुरतात, फक्त उद्या सकाळीच फोन उचल.

मी घानात तीन वर्षं काढली आहेत. तिथे आणि युगांडात एक गोष्ट सारखी आहे: पीतज्वराच्या, म्हणजे डासांमुळे होणाऱ्या यलो फीवरच्या लशीचं प्रमाणपत्र प्रत्येकाकडे लागतं, मग तुम्ही कुठल्याही देशातून या. युगांडात एक वर्षावरच्या सगळ्यांना. तेच ते पिवळं कार्ड. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, त्यामुळे निघायच्या आठवड्यात टोचून घेऊन काही उपयोग नाही. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रावरच मिळते, आणि केंद्रांचे वार ठरलेले असतात. काही ठिकाणी नंबर लागायलाच दोन आठवडे जातात.

कार्ड हातात पडलं की तिथेच उभं राहून वाच. नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. डॉक्टरची हाताने केलेली सही हवी, नुसता शिक्का चालत नाही. लेकीच्या कार्डावर तुमच्यापैकी एकाने सही करायची. खाडाखोड झाली असेल तर कितीही ओशाळवाणं वाटलं तरी नवं कार्ड मागायचं. माझ्याबरोबरच्या एकाच्या कार्डावर तारीख गिरवून लिहिली होती, तेवढ्यावरून त्याला एका विमानतळावर दीड तास बसवून ठेवलं होतं.

आणि कुठे "दहा वर्षांची मुदत" असं वाचलंस तर ते जुनं आहे. ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, आधी काढलेलंसुद्धा.

रक्तपेशी – ४ जून, सकाळी ७.०५

पेशाने डॉक्टर आहे, पण तुमचा डॉक्टर नाही. त्यामुळे हे वाचून प्रवासी आरोग्य तपासणाऱ्या दवाखान्यात जा, दुकानात नको.

मी अशा लसींचे दोन ढीग करतो. एक सीमेवरच्या अधिकाऱ्यासाठी, दुसरा स्वतःसाठी. पहिल्यात बहुतेक वेळा पीतज्वर एकटाच असतो. क्वचित पोलिओ येतो (जिथे विषाणू फिरतोय अशा काही देशांतून बाहेर पडताना चार आठवडे ते बारा महिने आधी घेतलेला डोस दाखवावा लागतो) आणि हज यात्रेला जाणाऱ्यांना मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेची) लस. दुसरा ढीग मोठा असतो, आणि कुणी विचारत नाही म्हणून लोक तोच सोडून देतात.

तुमच्यासाठी त्या ढिगात पहिलं नाव हेपटायटिस ए. जायच्या आधी एक डोस पुरतो. दुसरा सहा ते बारा महिन्यांनी घेतला की पुढची अनेक वर्षं बघायला नको. टायफॉइडची घ्या, पण ती पूर्ण कवच नाही आणि पॅराटायफॉइडला तर अजिबात चालत नाही, म्हणून पाण्याचे नियम तसेच राहतात. धनुर्वाताचा बूस्टर दहा वर्षांत झाला नसेल तर तो. पोलिओचा एक प्रौढ बूस्टर. गोवराचे दोन डोस झाल्याची नोंद घरात शोधा. सापडली नाही तर डॉक्टरांना सांगा. हेपटायटिस बी झालेली नसेल तर ०, ७ आणि २१ व्या दिवशी घ्यायचं जलद वेळापत्रक असतं, वर्षाने चौथा डोस. कॉलरा मी सोडून देईन. मेनिंजायटिसचा पट्टा सेनेगलपासून इथिओपियापर्यंत जातो आणि युगांडाचा उत्तर भाग त्यात येतो, पण त्याचा हंगाम कोरडा, डिसेंबर ते जून. तुम्ही जुलैत कंपालाच्या आसपास असणार, तेव्हा तीही सोडेन. रेबीजबद्दल वेगळं लिहितो, तो विषय मोठा आहे.

पाच आठवड्यांत लोक फसतात ते एकाच ठिकाणी. पीतज्वर, गोवर आणि कांजिण्या या जिवंत विषाणूंच्या लसी आहेत. त्या एकाच दिवशी घ्याव्यात, नाहीतर मधे चार आठवडे जाऊ द्यावेत. आज गोवर आणि पंधरा दिवसांनी पीतज्वर असं केलंत तर गणित बिघडतं. बाकीच्या निष्क्रिय लसी कधीही, कशाहीबरोबर चालतात.

आता महत्त्वाचा प्रश्न. तुमच्या आई नेमाने कुठली औषधं घेतात? हे कळेपर्यंत त्यांना पीतज्वराची लस टोचू नका.

खवचट – ४ जून, सकाळी ९.३०

एवढी टोचाटोची करण्यापेक्षा घरी बसून गोरिलांचे व्हिडिओ बघा की. आम्ही डासांच्या ढगात वाढलो. लहानपणी दोनदा मलेरिया झाला, काही वाकडं झालं नाही. शरीराला सवय होते हो. फार तर रोज संध्याकाळी टॉनिक वॉटर प्या, त्यात क्विनीन असतं.

रक्तपेशी – ४ जून, दुपारी १.२०

खवचटराव, सवय होते हे खरं, पण अर्धवट होते आणि सतत चावे खात राहिलं तरच टिकते. डासांपासून लांब राहायला गेलात की काही वर्षांत उतरते. परदेशात स्थायिक झालेली माणसं मायदेशी नातेवाइकांना भेटायला जातात तेव्हा "आपलंच गाव" म्हणून गोळ्या घेत नाहीत. ब्रिटन-अमेरिकेतल्या रुग्णालयांत बाहेरून मलेरिया घेऊन येणाऱ्यांत सर्वांत मोठा गट त्यांचाच असतो.

टॉनिक वॉटरचा हिशेब सांगतो. अमेरिकेत त्यात लिटरला ८३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्विनीन घालायला परवानगी नाही. मलेरियाच्या उपचारात एका वेळेला साधारण ६०० मिलिग्रॅम देतात, दिवसातून तीनदा. म्हणजे एका वेळेला सात लिटर.

खवचट – ४ जून, दुपारी १.३५

सात लिटर? मग मलेरियाच बरा. (बरं बरं, घेतो शब्द मागे.)

पायवाट – ४ जून, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार. केंद्राला फोन केला, ११ जूनची वेळ मिळाली.

रक्तपेशी, तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. आई रक्तदाबाची एक गोळी घेते, ती मी लिहिणारच होते. पण तिला संधिवातही आहे आणि तीन वर्षांपासून दर दोन आठवड्यांनी ती पोटावर एक इंजेक्शन घेते. गोळी नसल्यामुळे "औषध" म्हटल्यावर ते माझ्या डोळ्यांसमोरच आलं नाही. खोक्यावर नाव आहे अडालिमुमॅब. याने काही फरक पडतो का?

रक्तपेशी – ४ जून, रात्री १०.३०

पडतो, आणि बराच. हे औषध सांध्यांवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारशक्तीला लगाम घालतं. पीतज्वराच्या लशीत दुबळा केलेला, पण जिवंत विषाणू असतो. त्याला आवरायला जी फौज लागते तीच आपण बांधून ठेवलेली असते. अशा माणसाला ही लस देत नाहीत. शिवाय साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच ती घेणाऱ्यांमध्ये एक दुर्मीळ पण गंभीर त्रास थोडा जास्त दिसतो: लशीतला विषाणूच यकृत-मूत्रपिंडांत पसरतो. म्हणजे आईंच्या बाबतीत दोन कारणं झाली.

"महिनाभर इंजेक्शन थांबवलं तर?" असं मनात येईल. मनाने थांबवू नका. परिणाम ओसरायला काही महिने लागतात आणि मधे सांधे पेटले तर प्रवासच गेला.

उंटावरची – ४ जून, रात्री ११.००

पण सवलतीचं पत्र मिळतं ना? केंद्रातले डॉक्टर "वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही" असं कार्डातच लिहून सही-शिक्क्यानिशी देतात. माझ्या एका सहकाऱ्याने त्यावर दोनदा प्रवास केला.

रक्तपेशी – ५ जून, सकाळी ६.५०

मिळतं, आणि बहुतेक देश ते मानतात, पण मानलंच पाहिजे असं नाही. मला काळजी वेगळी आहे. ते पत्र अधिकाऱ्यासाठी आहे. डास कागद वाचत नाही. युगांडात पीतज्वराचा धोका खरा आहे, मधूनमधून उद्रेक होतात, आणि या आजारावर नेमकं औषध नाही. ज्यांना तो गंभीर होतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा जीव जातो. माझी आई असती तर मी तिला युगांडाला नेलं नसतं.

पायवाट – ५ जून, सकाळी ८.१५

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग मी घरी राहते, तुम्ही या जाऊन." आणि उठून गच्चीत गेली.

मधलीसुट्टी – ५ जून, सकाळी ८.४०

अगं, पण झांझिबारचं काय? तिला थेट तिथेच बोलवता येईल का?

रक्तपेशी – ५ जून, दुपारी १.१०

चांगली कल्पना आहे. झांझिबार टांझानियात येतं. टांझानियात पीतज्वराची शक्यता कमी धरली जाते आणि सर्वसाधारण प्रवाशाला तिथे ही लस सुचवत नाहीत. टांझानिया कार्ड मागतं ते पीतज्वर असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे, किंवा तशा देशातल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलेल्यांकडे. म्हणजे तुम्ही युगांडातून येणार, तुमच्याकडे मागतील. आई थेट आल्या तर नाही. मात्र विमान बदलायचं ठिकाण बघून घ्या. नैरोबी आणि अदिस अबाबा हे दोन्ही पीतज्वराच्या देशांतले विमानतळ आहेत. आखातातून जाणारं विमान मिळालं तर प्रश्नच मिटतो. मलेरियाच्या गोळ्या आणि मच्छरदाणी त्यांनाही लागेल, आणि निष्क्रिय लसी घेता येतील, जरी त्यांच्यात त्या थोड्या कमी लागू पडल्या तरी. तिकीट काढण्याआधी त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचारा.

निळीशाई – ५ जून, संध्याकाळी ६.००

अवांतर: ज्या लशीवरून इतका खल चाललाय तिचा इतिहास वाचण्यासारखा आहे. पीतज्वर डासामुळे पसरतो असं क्यूबातल्या कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडलं, तेव्हा लोक त्यांना हसले. त्याच वर्षी फ्रेंचांनी पनामाचा कालवा खणायला घेतला. १८८९ मध्ये तो उद्योग बुडाला तोवर पीतज्वर, मलेरिया आणि बाकी कारणांनी सुमारे २२,००० माणसं गेली असा अंदाज आहे. तिथल्या रुग्णालयांत मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, आणि त्याच वाट्यांत डास अंडी घालत. १९०० मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या पथकाने फिनले यांचं म्हणणं सिद्ध केलं, मग अमेरिकनांनी पनामात आधी डास मारले आणि मग कालवा खणला. लस आली १९३७ च्या सुमारास. माक्स थाइलर यांना त्यासाठी १९५१ चं नोबेल मिळालं. आजही टोचतात तो विषाणू त्याच वाणाचा, १७डी.

आणि एक कोडं: आशियात हाच डास गल्लोगल्ली आहे, डेंगी पसरवतो, पण पीतज्वर तिथे नाही. कारण कुणाला नक्की सांगता येत नाही. म्हणूनच आशियातले देश कार्डाबाबत एवढे कडक असतात.

तिरकामुक्काम – ६ जून, रात्री १२.१०

मलेरियाच्या गोळ्यांबद्दल मी लिहितो, कारण तिन्ही खाऊन झाल्यात.

मेफ्लोक्विन: आठवड्यातून एकच, म्हणून हौसेने घेतली. दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते. तिसऱ्या गोळीनंतर रोज रात्री कुणीतरी पाठलाग करतंय अशी स्वप्नं आणि दिवसा विनाकारण धडधड. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना नैराश्य किंवा फेफऱ्याचा इतिहास आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये तिच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

डॉक्सिसायक्लिन: स्वस्त. रोज एक, परतल्यावरही चार आठवडे. उन्हाने कातडी भाजते. एकदा घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवा झालो, तर ती अन्ननलिकेतच चिकटली आणि आठवडाभर प्रत्येक घास निखाऱ्यासारखा उतरत होता. भरपूर पाणी आणि अर्धा तास बसून राहणं. आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, म्हणजे तुमच्या लेकीला नाही.

अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल: महाग, पण मला काहीही झालं नाही. जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू, रोज एक, परतल्यावर फक्त सात दिवस. लहान मुलांसाठी वजनाप्रमाणे छोट्या गोळ्या येतात. स्निग्ध काहीतरी किंवा दूध पोटात हवं, नाहीतर नीट शोषली जात नाही. घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर पुन्हा घ्यायची.

रक्तपेशी – ६ जून, सकाळी ७.१५

तिरकामुक्काम यांनी आमच्यापेक्षा चांगलं लिहिलंय. दोन गोष्टी जोडतो. परतल्यावरचे ते सात दिवस किंवा चार आठवडे का, तर शेवटच्या दिवशी डास चावला असेल तर परजीवी आधी यकृतात दडून वाढतो आणि मग रक्तात उतरतो. घरी आलं की लोकांना सुटल्यासारखं वाटतं आणि गोळ्या कपाटात जातात. मला रुग्ण भेटतात ते यातले.

दुसरं, मलेरियाच्या लसी आल्यात हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेने पहिली २०२१ मध्ये आणि दुसरी २०२३ मध्ये शिफारस केली. पण त्या मलेरियाग्रस्त भागांत राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहेत. प्रवाशांना त्या देत नाहीत.

मधलीसुट्टी – ६ जून, सकाळी १०.००

रेबीजबद्दल डॉक्टर लिहिणार म्हणाले होते, पण त्याआधी माझी कथा. चार वर्षांपूर्वी एका बेटावर माकडाने हातातली पिशवी ओढताना मनगटावर ओरखडा काढला. रक्त जेमतेम एक थेंब. आम्ही हसून फोटो काढले. संध्याकाळी राहत्या ठिकाणच्या मालकीणबाईंनी विचारलं, "लस घेतली का?" नव्हती. दवाखान्यात गेलो तर लस होती, पण जखमेत टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) नव्हतं. त्या बेटावर नव्हतं, शेजारच्याही नव्हतं. तिसऱ्या दिवशी विमानाने दुसऱ्या देशात जाऊन ते घेतलं. सुट्टी संपली, पैसे संपले, आणि पुढचे दोन महिने मी मनगटाकडे बघत झोपायचे.

रक्तपेशी – ६ जून, दुपारी २.००

आता मी वेगळं काय सांगू? रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून सगळी लढाई त्याआधीची. प्रवासापूर्वी ० आणि ७ व्या दिवशी दोन डोस घेतले असतील तर चाव्यानंतर फक्त आणखी दोन डोस लागतात, ० आणि ३ ऱ्या दिवशी, आणि ते दुर्मीळ इम्युनोग्लोब्युलिन लागतच नाही. आधी घेतलीय म्हणून चाव्यानंतर काहीच करायचं नाही, असा मात्र गैरसमज नको. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून बघा, १५ मिनिटं फार लांब वाटतात.

लेकीला नक्की द्या. मुलं प्राण्यांना हात लावतात, चावलं तर ओरडा बसेल म्हणून सांगत नाहीत, आणि उंचीमुळे त्यांना चेहऱ्या-मानेवरच चावा बसतो.

वाळवंटी_वेल – ६ जून, दुपारी ४.३०

छान धागा, वाचनखूण साठवली. आम्ही व्हिएतनामच्या खेड्यात दोन महिने राहणार आहोत, शिवाय मला पूर्वी डेंगी होऊन गेलाय. वेगळं काही?

रक्तपेशी – ६ जून, रात्री ९.२०

तुमच्यासाठी जपानी मेंदूज्वराची लस विचारात घ्या. भातखाचरं आणि डुकरं जवळ असलेल्या खेड्यात महिनाभराहून जास्त राहणार असाल तर मी घ्यायला सांगेन. एक प्रचलित लस २८ दिवसांच्या अंतराने दोनदा घ्यावी लागते, प्रौढांना घाई असेल तर सात दिवसांच्या. डेंगीच्या चार जाती आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या जातीचा झाला तर तो जास्त गंभीर व्हायची शक्यता असते. आता तीन महिन्यांच्या अंतराने दोन डोसची लस काही देशांत मिळते आणि पूर्वी डेंगी झालेल्या प्रवाशांना काही डॉक्टर ती सुचवतात. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, डेंगी असेल तर रक्तस्राव वाढतो.

आणि कुणी गरोदर असेल किंवा तसा विचार असेल तर झिका (डासांमुळे पसरणारा, पोटातल्या बाळाला इजा करू शकणारा विषाणू) असलेल्या भागात जाण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. त्याला ना लस आहे ना गोळी.

उंटावरची – ७ जून, सकाळी ११.००

लसी झाल्या, आता रोजचं बोलू. डास दोन पाळ्यांत काम करतात. डेंगीवाला दिवसा, मलेरियावाला संध्याकाळ ते पहाट. म्हणजे डास पळवायचं मलम रात्रीच लावायचं हे चूक. डीईईटी २० ते ५० टक्के किंवा पिकारिडिन २० टक्के असलेलं घे. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून हे. डीईईटी प्लॅस्टिक खातं, माझ्या गॉगलची काडी आणि घड्याळाचा पट्टा त्यातच गेला. कपड्यांवर आणि मच्छरदाणीवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक, अंगावर नाही. घरात मांजर असेल तर फवारलेले कपडे पूर्ण वाळेपर्यंत तिला लांब ठेव, मांजरांना ते विषारी आहे.

सरोवरात पोहायचं नाही. पाय सोडून बसायचंही नाही. व्हिक्टोरियाच्या काठच्या पाण्यात गोगलगायी असतात, त्यांच्यातून बिलहार्झिया या जंतांच्या आजाराचे जंतू निघतात आणि अखंड कातडीतून आत शिरतात. मी मलावी सरोवरात एकदाच, वीस मिनिटं पोहले. पाणी आरशासारखं होतं. तीन महिन्यांनी लघवीतून रक्त. औषध सोपं आहे, प्राझिक्वांटेल, पण निदान व्हायलाच वेळ गेला, कारण "पोहलात का?" असं कुणी विचारलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही. क्लोरीनच्या तलावात आणि समुद्रात खुशाल डुंबा.

शेवटचं: बाहेर वाळत घातलेल्या प्रत्येक कपड्याला कडक इस्त्री. प्रत्येक म्हणजे चड्ड्या-बनियनसुद्धा. तिथे टुंबू नावाची माशी ओलसर कपड्यांवर अंडी घालते. कपडा अंगात घातला की अळी कातडीत घुसते आणि गळवासारखी वाढते.

खवचट – ७ जून, सकाळी ११.२०

चड्डीला इस्त्री! चार दिवस डॉक्टरांचं निमूट ऐकलं, पण आता तुम्ही आमची मस्करी करताय.

पायवाट – ७ जून, दुपारी १२.००

नवरा हे वाचून अजून हसतोय. तो म्हणतो, मलेरियाच्या गोळ्या घेईन, पण बनियनला इस्त्री करणाऱ्या माणसाशी लग्न झालंय असं कुणाला कळता कामा नये.

जुनाजाणता – ७ जून, रात्री ८.००

पोटाचं कुणीच बोललं नाही, म्हणून थोडक्यात. उकळलेलं किंवा सीलबंद पाणी, दात घासायलाही. बर्फ नको. गरम वाफाळतं असेल ते खा, कापून ठेवलेलं नको. जुलाब लागले तर आधी ओआरएस. पाकीट संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ, मोजूनच. जुलाब थांबवणारी गोळी लांबच्या बसप्रवासापुरती ठीक आहे, पण ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर ती घेऊ नये. विमा काढताना रुग्णाला विमानाने हलवायचा खर्च त्यात आहे का ते बघा. आईंची इंजेक्शनं थंड पाऊचमध्ये, हातातल्या सामानात. खालच्या सामानात गोठली की वाया जातात. आणि मोटारसायकल टॅक्सीवर बसणार असाल तर हेल्मेट हवंच. प्रवासात माणसं जंतूंपेक्षा रस्त्यावर जास्त मरतात.

पायवाट – १९ जून, रात्री १०.००

झालं एकदाचं! ११ तारखेला पीतज्वर, हेपटायटिस ए आणि रेबीजचा पहिला डोस एकाच बैठकीत. काल रेबीजचा दुसरा आणि टायफॉइड. नवऱ्याला पीतज्वरानंतर सहाव्या दिवशी ताप-अंगदुखी, दोन दिवसांत गेली. लेक रडली नाही, तो रडवेला झाला होता.

उंटावरची, लेकीच्या कार्डावर आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. तुझं वाचलं नसतं तर लक्षातही आलं नसतं. तिथल्या तिथे नवं घेतलं.

आईच्या डॉक्टरांनी झांझिबारला हिरवा कंदील दिलाय. मावशी तिच्याबरोबर येणार, दोघी आखातातून थेट. गच्चीवरचा रुसवा संपला. आता दोघी मिळून मला टोप्यांचे फोटो पाठवताहेत.

पायवाट – २१ ऑगस्ट, रात्री ९.३०

खूप दिवसांनी धागा वर काढतेय. ३ ऑगस्टला परतलो. सगळं सुरेख झालं. कंपालाला उतरल्यावर कार्डं बघितली, झांझिबारलाही आमची तिघांची पुन्हा बघितली. आईला आणि मावशीला कुणी काही विचारलं नाही.

१५ तारखेला लेकीला ताप भरला, १०२. जवळच्या दवाखान्यात "सध्या व्हायरलची साथ आहे" म्हणाले. मी म्हटलं, बारा दिवसांपूर्वी युगांडा-टांझानियाहून आलोय, गोळ्या नीट घेतल्यात, तरी मलेरियाची तपासणी आत्ता हवी. त्यांचा सूरच बदलला. तासाभरात रक्त तपासलं. निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिन्ही निगेटिव्ह, ताप चौथ्या दिवशी उतरला. व्हायरलच होता.

रक्तपेशी – २१ ऑगस्ट, रात्री १०.१०

एका निगेटिव्हवर थांबला नाहीत हे उत्तम केलंत. पुढच्या वर्षभरात कुणालाही ताप आला तरी प्रवासाचं पहिल्या वाक्यात सांगा. मलेरियाच्या काही जाती यकृतात महिनोन् महिने झोपून राहतात आणि या गोळ्या त्यांना गाठत नाहीत. सरोवरात कुणी उतरलं होतं का?

पायवाट – २१ ऑगस्ट, रात्री १०.२५

नवरा, होडीतून उतरताना, गुडघ्यापर्यंत. २२ जुलैला. तपासणी कधी करू?

रक्तपेशी – २१ ऑगस्ट, रात्री १०.४०

शेवटच्या संपर्कानंतर आठ ते बारा आठवड्यांनी. त्याआधी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करा.

पायवाट – २१ ऑगस्ट, रात्री १०.५५

तारीख लिहून ठेवली. आता खरी बातमी.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी नवऱ्याच्या कमरेवर, बरोब्बर इलॅस्टिकच्या रेषेवर, दोन गळवं दिसली. मधे बारीक भोक. रात्री म्हणाला, "आत काहीतरी हलतंय." मी न हसता व्हॅसलिनचा जाड थर लावला, कारण उंटावरचीचा प्रतिसाद वाचून पुढचंही वाचून ठेवलं होतं. हवा मिळेना म्हणून अर्ध्या तासात अळीने डोकं बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही अळ्या अख्ख्या काढल्या. लेकीने त्या भिंगातून बघितल्या आणि वर्गात सांगणार आहे म्हणते.

माझ्या आणि लेकीच्या सगळ्या कपड्यांना मी रोज इस्त्री करत होते. त्याच्या चड्ड्या त्याने मला करू दिल्या नाहीत.

उंटावरची – २१ ऑगस्ट, रात्री ११.००

मी काहीही बोलणार नाही. खवचटराव, आपण?

खवचट – २१ ऑगस्ट, रात्री ११.०४

सौ.ला विचारलं, आमच्या घरात इस्त्री कुठे असते. ती म्हणाली, तुला आज का हवीय?